जुना गंज म्हणे!

आज विमा कंपनीचं पत्र आलं. सोबत सर्व्हेअरचा रिपोर्ट. त्यात छायाचित्र क्रमांक 9: माझ्या बोटीच्या कीलचा, म्हणजे तळाच्या जड कण्याचा, उघडा पडलेला बोल्ट, त्यावर तांबूस डाग आणि त्या डागावर रोखलेला जाडजूड लाल बाण. खाली एवढंच, ‘जुना गंज. देखभालीचा अभाव.’

जुना? कधीपासूनचा जुना, साहेब? बोट नदीच्या मुखाशी वाळूच्या दांड्यावर चढली, लाटांनी आपटून आपटून कीलचा सांधा उघडला, आणि तुमची स्वारी येईपर्यंत प्रत्येक भरती त्या बोल्टांना आंघोळ घालत होती, प्रत्येक ओहोटीला ते उन्हात वाळत होते. मी रोज फोन करतोय की लवकर या, तिथलं चित्र रोज बदलतंय. तिकडून एकच उत्तर, ‘फाइल प्रोसेसमध्ये आहे.’ खाऱ्या पाण्याला प्रोसेस कळत नाही हो! शेवटी हे महाशय उगवले, गमबूट घालून. हातोडीने चार ठिकाणी टकटक, दहा-बारा फोटो, आणि पाणी चढायच्या आत पसार. त्यांच्यासमोर मी तो डाग अंगठ्याने पुसून दाखवला. पुसला गेला! अंगठ्यावर आला! जुना गंज असा पुसला जातो? जुना असता तर बोल्ट सांध्यापाशी खाल्ला गेला असता, बारीक झाला असता. खिशात कॅलिपर होतं, लावायचं ना. पण कॅलिपर लावलं की आकडा येतो, आणि आकडा आला की बाण काढता येत नाही.

बरं, हीच बोट गेल्या वर्षी त्यांच्याच यादीतल्या माणसाने तपासली होती. त्याच्या रिपोर्टशिवाय पॉलिसी पुढे चालू होणार नव्हती. क्रेनचे पैसे माझे, त्याची फी माझी. ‘कील व बोल्ट समाधानकारक.’ तेव्हा हप्ता घ्यायचा होता, त्यामुळे गंज रजेवर होता.

पण खरा झोंबला तो परिच्छेद सहा. विमा नसताना एखादा शहाणा मालक जेवढी धडपड करेल, तेवढी धडपड मी बोट वाचवायला केली नाही म्हणे. म्हणजे विमा आहे, पण तो नाही असं समजून वागायचं. मग हप्ताही भरलाय असं समजून घेतलं असतंत का? याला कायद्याचा आधार आहे, ठाऊक आहे मला. वकील मित्राने 1906 चा ब्रिटिश सागरी विमा कायदा वाचून दाखवलाय. नुकसान टाळायला किंवा कमी करायला वाजवी ते सगळं करणं हे विमा उतरवणाऱ्याचं कर्तव्य. मान्य! शंभर वेळा मान्य! पण त्या रात्री वाजवी ते करायला निघालो, तेव्हा दार कुणी लावून घेतलं होतं?

जवळच एक टग, म्हणजे ओढबोट, उभा होता. त्याचा कप्तान रेडिओवर म्हणाला, लॉइड्सच्या ओपन फॉर्मला, म्हणजे बोट वाचवायच्या ठरावीक कराराला, हो म्हणा, निघतो. बोट वाचली तर मोबदला, नाही तर एक पैसा नाही. समुद्रावर यापेक्षा सरळ सौदा मिळत नाही. 1989 च्या सॅल्व्हेजच्या, म्हणजे संकटातलं जहाज वाचवण्याच्या, आंतरराष्ट्रीय करारात तर कप्तानाला मालकाच्या वतीने असं हो म्हणायचा अधिकारच दिलाय. पण आमचा स्किपर पडला भाड्याचा. त्याने त्याच्या डिलिव्हरी कंपनीला विचारलं, जी बोटी एका बंदरातून दुसऱ्या बंदरात पोहोचवून देते. कंपनीने मला. मी ओरडलो, हो म्हणा! कंपनी म्हणाली, आधी विम्यावाल्यांची लेखी संमती आणा, उद्या आमच्या अंगावर यायला नको. विम्याच्या चोवीस तास चालणाऱ्या नंबरवर एक बाई गोड आवाजात सांगत होती की माझा कॉल महत्त्वाचा आहे. मग संगीत. मग पुन्हा बाई. तेवढ्यात पाणी उतरायला लागलं.

आणि ती उधाणाची भरती होती, तीही ऐन माथ्यावरची. ज्याने एकदा तरी बोट रुतवलीय त्याला पुढचं सांगायला नको. दिवसेंदिवस भरती बुटकी होत जाणार, मध्ये भांग, म्हणजे सगळ्यात बुटकी भरती, येणार, पुन्हा तेवढं पाणी यायचं तर पंधरवडा. तोवर बोटीला मोडायला खवळलेल्या लाटांचा एक दिवस पुरतो. पुरला.

आता बाकीची मंडळी. बारमध्ये, म्हणजे नदीच्या मुखाशी असलेल्या त्या वाळूच्या उथळ पट्ट्यात, शिरताना इंजिन बंद पडलं, कारण लाटांनी टाकीतला गाळ ढवळला आणि डिझेल फिल्टर तुंबला. वर्कशॉपवाले म्हणतात, फिल्टर बदलला होता, टाकी साफ करणं कामात नव्हतं. कामाच्या कागदावर ‘संपूर्ण इंधनव्यवस्था’ असं लिहिलंय, त्यांच्याच अक्षरात. चार्टप्लॉटर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक नकाशा दाखवणारं यंत्र, त्याचे उत्पादक म्हणतात, यंत्र सुरू होताच पडद्यावर सूचना येते की नुसतं यावर विसंबू नका, आणि तुम्ही ‘ओके’ दाबलेलं आहे. ओके दाबल्याशिवाय ते यंत्र पुढेच जात नाही, गाढवांनो! बंदरवाले म्हणतात, बोया (पाण्यातली वाट दाखवणारी तरंगती खूण) सरकल्याची सूचना आम्ही रीतसर काढली होती. डिलिव्हरी कंपनी म्हणते, स्किपर आमचा नोकर नव्हे, स्वतंत्र कंत्राटदार. स्किपर म्हणतो, रात्री बार ओलांडायची घाई माझी नव्हती, कंपनीच्या वेळापत्रकाची होती. आणि प्रत्येक पत्राच्या डोक्यावर ठळक अक्षरात, ‘हक्क अबाधित ठेवून’. तुमचे सगळ्यांचे हक्क अबाधित. आबाधुबी झाली ती फक्त माझ्या बोटीची.

किनाऱ्यावरच्या तज्ज्ञांबद्दल तर बोलायलाच नको. ‘नांगर का नाही टाकला?’ टाकला होता. ‘छोट्या डिंगीतून दुसरा नांगर खोल पाण्यात नेऊन बोट ओढायची ना.’ फुटत्या लाटांत, रात्री, डिंगीतून? जा तू, मी फोटो काढतो. आणि ज्या सद्गृहस्थांनी ओहोटीला चालत जाऊन विंचचे हँडल आणि कंपास काढून नेला, त्यांनीच नंतर मला गाठून हळहळ व्यक्त केली. मरिनाचं भाडं अजून चालूच आहे, कारण बोट नसली तरी जागा माझ्या नावावर आहे.

2014 मध्ये व्हॉल्वो ओशन रेस या जगाला वळसा घालणाऱ्या शिडाच्या बोटींच्या शर्यतीतली टीम वेस्टास विंडची बोट मॉरिशसच्या ईशान्येला कार्गाडोस काराजोसच्या प्रवाळावर रात्री भरवेगात चढली. पुरेसं झूम केल्याशिवाय तो प्रवाळ इलेक्ट्रॉनिक नकाशावर धड दिसतच नव्हता. नेव्हिगेटरला घरी जावं लागलं, ते खरं. पण निदान तिघांची स्वतंत्र समिती बसली, मार्च 2015 मध्ये अहवाल आला, आणि क्रूइतकं नाही तरी आयोजकांच्या आणि नकाशे करणाऱ्यांच्या पदरातही थोडं थोडं माप पडलं. बोट उचलून इटलीत पुन्हा बांधली, जूनमध्ये ती लिस्बनला शर्यतीत परत! 2017 मध्ये अशाच क्लिपर रेसची बोट ‘ग्रीनिंग्ज’ केप टाऊनहून सुटली आणि त्याच रात्री किनाऱ्याला लागून कायमची गेली. माणसं सगळी वाचली. तिचाही ब्रिटनच्या सागरी अपघात तपास खात्याने छापील अहवाल काढला. त्या खात्याच्या अहवालांत आधीच सांगून टाकलेलं असतं की दोष कुणाचा हे ठरवणं आमचा हेतू नाही. बरोबर आहे. तो हेतू कुणाचाच नसतो. पण त्यांना निदान काय झालं ते तरी कळलं. मला मिळाला लाल बाण.

हे सगळं मी आता कुणालाही सांगतो. ‘कसा आहेस’ एवढं विचारायचा अवकाश, मी काडेपेटी उचलतो, ती बोट. चष्म्याचं घर आडवं ठेवतो, तो वाळूचा दांडा. परवा एका बारशात टगचा कप्तान म्हणून मी खुळखुळा वापरला, तेव्हा बायकोने दंड धरून बाहेर नेलं. विमा कंपनीला लिहिलेलं उत्तर तिनेच आधी वाचलं. त्यात ‘निर्लज्ज’ हा शब्द इतक्यांदा आला होता की तिने विचारलं, हा त्यांच्या कंपनीच्या नावातच आहे का? वकील मित्राने उरलेलं छाटून दोन वाक्यं ठेवली. दुसऱ्या वाक्यात ‘कृपया’ आहे. मी! त्यांना! कृपया! सकाळी उठून अजूनही त्या बंदराचं भरती-ओहोटीचं कोष्टक बघतो. कशासाठी, ते विचारू नका.

मात्र एका बाबतीत सगळ्यांचं झटकन एकमत झालं. बंदराची नोटीस आली की सांगाडा जलमार्गाला अडथळा आहे, ठरलेल्या मुदतीत काढा, नाही तर आम्ही काढू आणि खर्च वसूल करू. नोटीस कुणाला? नोंदणीकृत मालकाला. इथे स्वतंत्र कंत्राटदार नाही, फिल्टर नाही, बोया नाही. बोट गमावली कुणी, हे ठरायला वर्षं लागतील. कचरा कुणाचा, ते एका टपालात ठरलं! विम्यात सांगाडा काढायचा खर्च येतो का, असं विचारलं, तर तोही म्हणे छायाचित्र क्रमांक 9 च्या निर्णयावर अवलंबून.

आणि हे लिहीत असतानाच डिलिव्हरी कंपनीचं बिल येऊन पडलंय. ठरलेल्या रकमेतला उरलेला अर्धा भाग, विलंबाच्या व्याजासकट. कारण करारात ‘गंतव्य बंदराच्या हद्दीत पोहोचवणे’ असं आहे, आणि वाळूचा दांडा बंदराच्या हद्दीत येतो. नकाशा जोडलाय. चांगला झूम करून.