नुसता डाउनलोड स्पीड बघू नका

परदेशी राहायला जाणाऱ्यांनी घरचं इंटरनेट कसं बघावं, यावरच्या लेखात फक्त डाउनलोडचे आकडे दिलेत, अपलोडचं काय? केबल किंवा डीएसएलवर (टेलिफोनच्या तारेवरून येणारं नेट) अपलोड बरेचदा डाउनलोडच्या दहाव्या हिश्श्याइतकाच असतो आणि व्हिडिओ कॉल तिथेच अडखळतो. भाडेकरार करण्याआधी नेमक्या पत्त्यावर फायबर घरात येतं की रस्त्यावरच्या पेटीपर्यंतच, हे कंपनीच्या साइटवर तपासा. पेटीपासून पुढे तांब्याची तार असेल तर अंतरागणिक स्पीड घटतो.

जोडणीला काही आठवडेही लागतात, तोवर ५जी राउटर चालतो. मात्र त्यावर बहुधा सीजीनॅट असतं, म्हणजे अनेक ग्राहकांत मिळून एकच सार्वजनिक आयपी पत्ता, त्यामुळे घरचा कॅमेरा किंवा सर्व्हर बाहेरून थेट उघडत नाही.

जुना राउटर नेताय? अडॅप्टरवर १००-२४० व्होल्ट लिहिलंय ना, ते बघा. कंपनी वापरत असेल तर पीपीपीओईचं (नेटला लॉगिन करायची पद्धत) युजरनेम-पासवर्ड आणि व्हीलॅन नंबरही (राउटरमध्ये भरायचा जोडणीचा क्रमांक) मागून घ्या, नाहीतर राउटरचे दिवे लागतील पण नेट येणार नाही. अमेरिकेतली उपकरणं २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवर १२-१३ हे चॅनल (वायफायच्या लहरींचे क्रमांक दिलेले पट्टे) सहसा वापरत नाहीत. दुसऱ्या देशात अशा उपकरणावर वायफाय दिसतच नसेल तर राउटर १, ६ किंवा ११ या चॅनलवर ठेवा.

गिगाबिट प्लॅन (म्हणजे १००० एमबीपीएसचा) ९५ एमबीपीएसलाच अडकला तर कंपनीशी भांडण्याआधी लॅन केबल बदला. अशा वेळी बरेचदा केबलच्या आतल्या तारांच्या चारपैकी दोनच जोड्या चालू असतात.