डॅकच्या आधी स्पीकर बघा
कॉम्प्युटरवर गाणी ऐकण्याच्या सेटअपबद्दलच्या या लेखात बजेटचा मोठा भाग डॅकवर (म्हणजे डिजिटल सिग्नलचं स्पीकरला चालणाऱ्या अॅनालॉग सिग्नलमध्ये रूपांतर करणारं उपकरण) घालवा असं लिहिलंय, ते मला अजिबात पटलं नाही. आजकालचे साधे डॅकसुद्धा इतके स्वच्छ असतात की त्यातला फरक कानाला कळणं कठीण, पण स्पीकर बदलला की आवाज लगेच बदलतो, त्यामुळे पैसे तिथेच घाला. टेबलावर जवळून ऐकणार असाल तर अॅक्टिव्ह स्पीकर बरे, अँप (सिग्नलला ताकद देणारा अँप्लिफायर) आतच असतो आणि वायरींचा पसारा कमी, खोलीभर ऐकायचं असेल तर मात्र वेगळा अँप आणि पॅसिव्ह (आत अँप नसलेल्या) स्पीकरची जोडी घ्या, पुढे एकेक वस्तू बदलता येते.

आणि एका गोष्टीवर लेखात काहीच नाही, ती म्हणजे किरकिर! माऊस हलवला की स्पीकरमधून बारीक चिरचिर येते, पेज स्क्रोल केलं की तिचा सूर बदलतो, हे बहुतेक वेळा ग्राउंड लूपमुळे होतं, कॉम्प्युटर आणि अँप अर्थिंगमधून एकदा आणि केबलमधून पुन्हा एकदा जोडले जातात म्हणून. महागडी केबल आणून हे जात नाही हो. ऑप्टिकल केबलमधून वीज जातच नाही, फक्त प्रकाश जातो, त्यामुळे हा लूप तुटतो, म्हणून डॅक किंवा स्पीकर घेताना ऑप्टिकल इनपुट आहे का ते आवर्जून बघा, कॉम्प्युटरला ऑप्टिकल आउट नसेल तर छोटा यूएसबी कन्व्हर्टर मिळतो.

बाकी ट्विटर (स्पीकरमधला उंच सूर वाजवणारा छोटा भाग) कानाच्या उंचीला ठेवा आणि स्पीकर भिंतीला चिकटवू नका, बेस उगाच फुगतो.