उलटी लव

शेजारचे काका आमच्या प्लास्टिकच्या गवताला पाणी घालतात, ही गोष्ट मी आठवडाभर कोणालाही सांगितली नव्हती. आज लिहितो आहे, कारण काल संध्याकाळी त्यांनी त्या गवताची आबाळ केल्याबद्दल मलाच चार शब्द सुनावले.

परसात खरे गवत मुलांच्या पायांखाली कधी टिकलेच नाही, म्हणून तेथे कृत्रिम गवताचे कोर्ट करायचे ठरले. पंधरा सेंटिमीटर माती खोदली गेली. खड्ड्यातून बाहेर येताच ती फुगून तिचा असा ढीग झाला की आठ दिवस आमचे फाटक अर्धेच उघडत होते. मग खडी आली, तिच्यावर बारीक कच आली, धुमस यंत्राने घरातल्या भांड्यांसकट सगळे हादरवून ती दाबली गेली आणि निचऱ्यासाठी मीटरमागे एक सेंटिमीटर उतार दिला गेला. बॅडमिंटनचे कोर्ट १३.४० मीटर लांब आणि ६.१० मीटर रुंद असते. आमचे परस १३ बाय ६ भरते. त्यामुळे या कोर्टावर नियमाप्रमाणे कोणताही सामना होऊ शकत नाही, हे मला रेघा आखायच्या दिवशी कळले. पण तो अपमान आता जुना झाला.

नवा अपमान मधल्या पट्टीचा आहे. हे गवत गुंडाळ्यांमध्ये येते आणि मखमलीसारखी त्याची लव एका बाजूला झुकलेली असते. शेजारशेजारच्या पट्ट्यांची लव एकाच दिशेला हवी, हा या कामातला अगदी पहिला धडा. आमच्याकडे दोन-दोन मीटर रुंदीच्या तीन पट्ट्या आहेत आणि मधली उलटी चिकटवली आहे. त्यामुळे व्हरांड्यातून पाहिले, की दोन्ही कडा गर्द हिरव्या आणि मधोमध फिकट पट्टा दिसतो. ठेकेदाराला दाखवले, तेव्हा तो म्हणाला, “वापरात आलं की बसेल, साहेब.” तोवर सांध्यांचा गोंद सुकला होता, वर सिलिका वाळू पसरून ब्रशने पात्यांत बसवली होती आणि शेवटचा हप्ताही मी देऊन बसलो होतो. आता तो फोन उचलत नाही. मुलांच्या सायकलचे पंक्चर नीट निघाले की नाही, हे मी तीनदा बघतो. इथे मात्र माझ्या डोळ्यांदेखत सहा मीटरांतले दोन मीटर उलटे पडले आणि मी त्या माणसांसाठी चहा टाकत होतो.

काकांची भिंत परसाच्या पलीकडच्या टोकाला आहे. खोदाईच्या पहिल्या दिवसापासून ते तिच्यावर कोपरे टेकवून उभे होते. “खोटं गवत? ते कशाला?” या त्यांच्या प्रश्नाला उत्तर म्हणून मी त्यांना ह्यूस्टनच्या अ‍ॅस्ट्रोडोमची हकिगत सांगितली. १९६५ साली ते छप्पर असलेले मैदान उघडले, तेव्हा आत खरे गवत होते. पण छपरातून येणाऱ्या उन्हाने बेसबॉलपटूंचे डोळे दिपू लागले, म्हणून काचेसारख्या तावदानांवर रंग फासला गेला आणि उजेडाअभावी गवत मेले. मग मेलेल्या गवतालाच हिरवा रंग देऊन त्यांनी हंगाम रेटला आणि १९६६ साली तेथे प्लास्टिकचे गवत आले. काकांनी हे सारे लक्षपूर्वक ऐकले.

“म्हणजे आधी नुसता रंग देऊन भागत होतं,” ते म्हणाले. “मग तूही तेच करायचंस की!”

काम संपल्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी मला नळीचा आवाज आला. काका भिंतीवरून कडेच्या पट्ट्यांवर पाणी मारत होते.

“दोन्ही कडा सुकल्यात रे,” ते म्हणाले. “मधलं मात्र छान धरलंय.”

“काका, ते प्लास्टिक आहे.”

“असू दे. दिसायला तरी बरं दिसायला नको?”

लव उलटी असली, की या टोकाहून फिकट दिसणारी पट्टी त्या टोकाहून गर्द दिसते. हे मी त्यांना हातरुमाल, सतरंजी आणि शेवटी स्वतःचे केस उलटसुलट करून समजावले. त्यांनी माझ्या केसांकडे सहानुभूतीने पाहिले आणि नळी चालू ठेवली. चिडायचीही सोय नाही, कारण उन्हात हे गवत इतके तापते की अनवाणी पाय ठेवता येत नाही, आणि पाणी मारल्यावर थोडा वेळ तरी ते निवते. ज्या गोष्टीसाठी मी इतका खर्च केला, त्या गोष्टीवर माझी मुलगी फक्त काकांच्या पाण्यानंतर खेळते. “आजोबांना दुपारी पण घालायला सांगा ना,” असे ती मला सांगते.

काल संध्याकाळी काका प्रथमच आमच्या व्हरांड्यात आले. खुर्चीत बसण्याआधी त्यांनी परसाकडे नजर टाकली आणि त्यांचा चेहरा उजळला. दोन्ही कडा गर्द हिरव्या होत्या.

“बघितलंस? आठवड्यात उभारी धरली!” मग ते थोडे पुढे झुकले. “पण मधल्याकडे तुझं अजिबात लक्ष नाही. किती वाळवलंस रे ते!”

मी केसांना हात लावणार होतो, पण थांबलो.

आज सकाळी साडेसहाला नळीचा आवाज मधल्या पट्टीवरून येत होता.