दगडापेक्षा दरज कमजोर हवी

गेल्या महिन्यात वसईहून आमच्या गावच्या चर्चच्या दुरुस्ती समितीचा निरोप आला. उत्तरेकडच्या भिंतीचा गिलावा फुगला आहे, आतून पुरुषभर उंचीपर्यंत लोणा चढला आहे आणि छताच्या दोन सागवानी तुळया जिथे भिंतीत शिरतात तिथेच कुजल्या आहेत. समितीत दोन मते पडली आहेत. एका गटाला सगळा गिलावा फोडून पुन्हा सिमेंटचा, या खेपेस जलरोधक रसायन घातलेला, गिलावा हवा आहे. दुसऱ्या गटाचे म्हणणे असे की, युरोपातून नैसर्गिक जलीय चुन्याच्या, म्हणजे पाण्याशी संयोग होऊन घट्ट होणाऱ्या चुन्याच्या, गोणी मागवाव्यात, कारण तिकडची जुनी चर्चे त्यानेच दुरुस्त होतात. मी स्थापत्य अभियंता आहे आणि अकरा वर्षे इंग्लंडमधल्या यॉर्कशायरमध्ये राहतो, म्हणून फादरांनी मला माझे मत विचारले. ते येथे सविस्तर लिहितो, कारण हाच वाद महाराष्ट्रात आणि गोव्यात इतर जुन्या वास्तूंबाबतही चालू आहे.

इथे यॉर्कशायरमध्ये आमच्या शेजारच्या खेड्यात मध्ययुगीन चर्च आहे. त्याचा दगड या भागातला फिकट पिवळसर मॅग्नेशियमयुक्त चुनखडीचा. यॉर्क मिन्स्टर हे यॉर्क शहरातले कॅथीड्रलही याच जातीच्या दगडात उभे आहे. दक्षिणेकडची भिंत विसाव्या शतकात कधीतरी दरजा, म्हणजे दगडांमधले सांधे, सिमेंटने भरून ‘पक्की’ केलेली होती. दोन वर्षांपूर्वी परांचीवर चढून मी ती जवळून पाहिली. दरजा जशाच्या तशा, करड्या आणि कडक, चौकटीसारख्या पुढे आलेल्या होत्या. त्या चौकटींमधला दगड मात्र बोटाच्या दोन पेरांइतका आत झिजला होता आणि बोट फिरवले की पिठासारखा गळत होता. त्याच भिंतीच्या वरच्या कोपऱ्यात सिमेंट पोहोचले नव्हते. तेथे जुना चुना खाचेत मागे सरला होता, पण दगडाच्या कडा अजून धारदार होत्या.

याचे कारण साधे आहे. भिंतीत पाणी शिरतेच. पावसाने शिरते, जमिनीतून चढते. प्रश्न ते बाहेर कुठून पडते हा आहे. दरज सच्छिद्र असेल तर पाणी तिच्यातून सुकते, त्याबरोबर आलेले क्षार तिच्यातच साचून स्फटिक होतात, आणि फुगून फुटते ती दरज. दरज घट्ट आणि अभेद्य असेल तर पाणी दगडातून वाट काढते आणि तेच फुटणे दगडाच्या वाट्याला येते. दरज पन्नास-शंभर वर्षांनी पुन्हा भरता येते, घडीव दगड पुन्हा मिळत नाही. म्हणून जुन्या भिंतीत दरजेने दगडापेक्षा कमजोर असलेच पाहिजे, आणि आधी झिजणे हे तिचे कामच आहे. आपल्याकडच्या चर्चेत ‘मजबूत’ हा शब्द इतका प्रतिष्ठित आहे की, हे समजावताना नेहमी अडखळायला होते.

इंग्लंडला हे शहाणपण जन्मजात होते असे कोणी समजू नये. पोर्टलंड सिमेंटचे पेटंट १८२४ मध्ये घेणारा जोसेफ अ‍ॅस्पडिन लीड्सचाच गवंडी होता आणि पुढे याच देशाने आपल्या चर्चांना सिमेंट फासले. विल्यम मॉरिस यांनी १८७७ मध्ये प्राचीन इमारतींच्या रक्षणासाठी संस्था स्थापन केली, तरी चुन्याकडे खऱ्या अर्थाने परतायला विसावे शतक बरेच सरावे लागले. १९७० च्या दशकात इंग्लंडमधल्याच वेल्स शहराच्या कॅथीड्रलच्या पश्चिम दर्शनी भागावरील मूर्ती रॉबर्ट बेकर यांनी चुन्याने सावरायला घेतल्या, तेव्हा ही विद्या जवळजवळ विसरली गेली होती. ज्या चुकीची किंमत इथे दगडांनी मोजली, ती आपण पुन्हा मोजण्याचे कारण नाही.

आता दुसऱ्या गटाविषयी. त्यांची दिशा बरोबर आहे, पण गोणीवरचे नाव वाचून चुना निवडता येत नाही. जलीय चुना २, ३.५ आणि ५ अशा प्रतींत मिळतो. हे आकडे अठ्ठावीस दिवसांनंतरची किमान ताकद दर चौरस मिलिमीटरला न्यूटनमध्ये सांगतात. आपल्या दुकानातले सिमेंट याच मापात ५३ चे असते. भारतीय मानकानुसार बांधकामाच्या जांभ्याची किमान ताकद ३.५ धरली आहे. म्हणजे जांभ्याच्या भिंतीला ५३ चे सिमेंट तर नकोच, पण ५ चा परदेशी चुनाही जास्त कडक ठरू शकतो, कारण या चुन्याची ताकद पहिल्या महिन्यानंतरही वाढत राहते. शेजारच्या खेड्यातल्या चर्चच्या दुरुस्तीत ३.५ ची प्रत घेतली ती उघड्या, वाऱ्यापावसाच्या मनोऱ्यासाठी. आतल्या, आडोशाच्या भिंतीसाठी विरवलेला साधा चुनाच वापरला.

तिथला म्हातारा पाथरवट निवड कशी करतो हे मी मुद्दाम पाहिले. त्याने जुन्या दरजेतला सुपारीएवढा खडा काढला, अंगठ्याने मोडला आणि भिंगाखाली धरला. त्यात पांढरे ठिपके होते, म्हणजे कळीचा चुना वाळूबरोबरच विरवून माल कालवला होता. काही चुरा सौम्य आम्लात टाकला; चुना फसफसून विरघळला, खाली वाळू राहिली. ती धुऊन, चाळून, कण मोठे की बारीक हे पाहून तशीच वाळू कोणत्या खाणीत मिळेल याचा शोध सुरू झाला. वाळूसाठीच तीन आठवडे गेले. मग जुने सिमेंट छिन्नीने हलके हलके काढले, आणि जिथे ते दगडाचा तुकडा घेऊनच सुटेल असे वाटले तिथे तसेच राहू दिले. खाच धुऊन ओली केली, माल दाबून भरला, दुसऱ्या दिवशी राठ ब्रशने ठोकून पृष्ठभाग मोकळा केला आणि वर ओले गोणपाट टाकले.

गोव्यातल्या बॉम जेझू बॅसिलिकेचा वाद मला याच प्रकाशात दिसतो. १५९४ मध्ये बांधायला घेतलेल्या आणि १६०५ मध्ये अभिषेक झालेल्या या वास्तूचा बाहेरचा चुन्याचा गिलावा १९५० च्या दशकात पोर्तुगीज राजवटीने काढून टाकला आणि आतला लाल जांभा उघडा पाडला. आता गिलावा पुन्हा द्यावा असे अनेकांचे म्हणणे आहे, तर लोकांच्या मनात ठसलेले लाल रूप बदलू नये असेही मत आहे. त्या रूपाविषयीचे प्रेम मी समजू शकतो. पण कोकण किनाऱ्यावरचा पाऊस अडीच-तीन हजार मिलिमीटरचा आणि जांभा मऊ. अशा दगडाला चुन्याचा गिलावा हे पावसाळ्यातले पांघरूण असते. माझ्या मते तो परत द्यायला हवा, आणि तो चुन्याचाच असायला हवा.

त्या दर्शनी भागावरचे कोरीव काम मात्र काळ्या दगडात आहे आणि तो दगड वसईहून नेलेला होता. आमच्या चर्चच्या भिंतीही काळ्या दगडाच्याच, हातभर जाडीच्या, मध्ये चुना आणि गोटे भरलेल्या. काळा दगड भक्कम आहे, त्याला सिमेंटने काय होणार, असे समितीतले एक काका विचारतात. दगडाला काही होणार नाही, हे खरे आहे. पण काळ्या दगडातून पाणी सुकत नाही, ते फक्त दरजांतून आणि गिलाव्यातून सुकते. पंचवीस वर्षांपूर्वी एका कंत्राटदाराने बाहेरून सिमेंट लावले तेव्हा ही एकुलती एक वाट बंद झाली, आणि भिंतीच्या पोटातली ओल आतल्या गिलाव्याकडे आणि तुळयांच्या टोकांकडे वळली. रसायन घातलेले सिमेंट ही वाट अधिकच घट्ट बंद करील.

इथल्या व्यवस्थेतली एक गोष्ट मला आपल्याकडे हवीशी वाटते. चर्च ऑफ इंग्लंडच्या चर्चना १९५५ च्या कायद्यापासून दर पाच वर्षांनी तज्ज्ञाकडून तपासणी करून घ्यावी लागते, आणि दरजा बदलण्यासारख्या कामालाही धर्मप्रांताच्या सल्लागार समितीपुढे जावे लागते. वेळ लागतो, लोक वैतागतात. पण कोणाही देणगीदाराला उत्साहाच्या भरात भिंत झाकता येत नाही. आपल्याकडे सणापूर्वी काम उरकायचे असते. मात्र हंगामाचा हिशेब इथून उचलू नये. इथे थंडीत चुना गोठतो म्हणून वसंत ते शरद एवढेच दिवस मिळतात. वसईत पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरपासून काम सुरू करता येईल, आणि मार्चच्या उन्हात चुना फार लवकर सुकू नये म्हणून त्याआधी संपवावे लागेल.

समितीला मी एवढेच कळवले आहे की, अजून काहीही विकत घेऊ नका. घंटेच्या मनोऱ्यामागे, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला, सिमेंट न पोहोचलेला हातभर जुना गिलावा शिल्लक आहे. लहानपणी आम्ही त्याला टेकून बसायचो तेव्हा शर्टाला पांढरे लागायचे. तो तुकडा कोणी फोडू नये. डिसेंबरात मी येतो तेव्हा त्यातला सुपारीएवढा खडा काढू, आणि त्यात शिंपल्यांचा चुना आहे की चुनखडीचा, वाळू खाडीची आहे की नदीची, ते आधी पाहू.