कॅमेरा कोणी धरला होता?

काल कट्ट्यावर विषय अर्थातच तो व्हिडिओ. पाण्याच्या घसरगुंडीवर अडकलेली बाई, खाली फिदीफिदी हसणारी पोरं आणि मग मध्ये पडलेला तो वीर. पाहिला नसेल तर तुमचं काही अडलेलं नाही. बापूंचा मात्र तोंडपाठ होता. आल्याआल्या त्यांनी उभं राहून वीराचे सगळे डायलॉग हातवाऱ्यांसकट म्हणून दाखवले. त्यात वकिलाचा चष्मा उडाला.

"असा माणूस पाहिजे! आपण तिथे असतो ना, एकेकाची बत्तिशी घशात घातली असती."

"बापू, गेल्या आठवड्यात रांगेत एक जण तुमच्या पुढे घुसला," दिन्या म्हणाला, "तर तुम्ही त्याला 'या, या' म्हणालात."

"ते वेगळं. त्याला घाई होती."

"त्याला दंड होते, बापू."

मुक्ता तोवर गप्प होती. ती गप्प असली की मी सावध होतो, कारण ती दारूगोळा भरत असते. "मला एवढंच सांगा, कॅमेरा कोणी धरला होता?"

"असेल कोणी मित्र."

"म्हणजे हा भांडायला निघाला तेव्हा मित्राचा फोन आधीच वर होता. बाईचा चेहरा स्वच्छ दिसतोय. तिला हसली चार पोरं. यांनी तिला वाचवलं आणि नेऊन लाखो लोकांपुढे उभं केलं. खालच्या कॉमेंट वाचल्यात?"

वाचल्या होत्या सगळ्यांनीच. बापूंनी चप्पल नीट केली.

वकील (कायद्याच्या प्रवेशपरीक्षेचा फॉर्म भरला होता, तेवढ्यावर नाव पडलं) चष्मा पुसत म्हणाला, "निदान तो पुढे तरी झाला. पब्लिक नुसतं बघतं. न्यूयॉर्कचा १९६४ चा खून घ्या. ३८ लोक खिडकीतून बघत होते, एकानेही पोलिसांना फोन केला नाही."

"त्या ३८ जणांची बातमी सदोष होती, असं ती देणाऱ्या न्यूयॉर्क टाइम्सनेच २०१६ मध्ये छापलं," मुक्ता म्हणाली. "बहुतेकांना धड काही दिसलंच नव्हतं. फोनही झाले होते. खुनानंतर चार वर्षांनी प्रसिद्ध झालेला प्रयोग मात्र खरा. पलीकडच्या खोलीत कुणाला तरी फिट आलीय असं ऐकवलं. आपण एकटेच ऐकतोय असं वाटलेल्यांपैकी ८५ टक्के मदतीला उठले. आणखी चौघं ऐकतायत असं वाटलं, तेव्हा ३१ टक्के."

"म्हणजे माझंच खरं!"

"थांब. २०१९ मध्ये ॲमस्टरडॅम, लँकेस्टर आणि केपटाउनमधल्या रस्त्यावरच्या २१९ भांडणांचं सीसीटीव्ही चित्रण तपासलं. दहापैकी नऊ ठिकाणी कोणी ना कोणी मध्ये पडलं होतं. आणि बघे जास्त, तितकी कोणी पडण्याची शक्यता जास्त."

"पण ती भांडणं," दिन्या म्हणाला. "टिंगल सीसीटीव्हीत काय दिसणार? दात?"

हसलो, पण मुद्दा बरोबर होता. मारामारी कळते. टिंगल होतेय की आपापसातला विनोद चाललाय, हे ठरवेपर्यंत घोळका पुढे निघून जातो. त्यात सुट्टीवरचा माणूस. ना कपडे रोजचे, ना भाषा आपली, ना ओळखीचं कोणी. हसणारेही बाहेरगावचेच असले तर आणखी शेफारतात. उद्या कोणाला तोंड दाखवायचंय?

मुक्ताने मग बोटीवरचा किस्सा सांगितला. एक जाडसर गृहस्थ, लाइफ जॅकेटचा पट्टा पोटावरून जाईना. मागच्या बाकावरच्या टोळक्याने त्यावर मोठ्याने पैजा लावल्या. गृहस्थ मान खाली घालून पट्टा ओढत होते, कान लाल झालेले. मुक्ता उठली, टोळक्याकडे ढुंकूनही न बघता त्यांच्या शेजारी जाऊन बसली आणि म्हणाली, "माझाही पट्टा अडकलाय, हे बक्कल कसं सोडवायचं?" त्यांनी तिचं सोडवलं. मग तिने बोटवाल्याला सांगून त्यांच्यासाठी मोठं जॅकेट मागवलं. पुढे दोघं पक्ष्यांबद्दल बोलत बसली.

"आणि त्या टोळक्याला शिक्षा?" बापू कळवळले.

"बापू, मी त्या माणसासाठी उठले होते. टोळक्यासाठी कशाला उठू?"

मी हे वाक्य लिहून ठेवलं, तिला न सांगता.

मग ती म्हणाली, मदत कशी करावी हे शिकवणारे पाच वाटा सांगतात. लक्ष दुसरीकडे वळवायचं, काम दुसऱ्या कोणावर सोपवायचं, नोंद ठेवायची, नंतर जाऊन विचारपूस करायची, नाहीतर थेट बोलायचं. "चित्रण केलं तरी ते ज्याची टिंगल झाली त्याच्या हवाली करायचं. त्याला न विचारता कुठे टाकायचं नाही. तुमच्या वीराने नेमकं हेच केलं नाही."

"आणि त्या बाईने ती टिंगल ऐकलीच नसेल तर?" दिन्याने विचारलं. एकदम गंभीर होऊन, म्हणून आम्ही दचकलो. "तिला ती भाषाच येत नसेल. हा मध्ये पडून ओरडला, तेव्हाच तिला कळलं असेल की लोक आपल्यावर हसतायत."

यावर मुक्तालाही क्षणभर काही सुचलं नाही. माझं मत विचाराल तर, समोर लहान मूल असेल किंवा कोणी वाट अडवत असेल, तर पक्षीबिक्षी बाजूला ठेवून सरळ 'बास' म्हणावं. पण दिन्याचं म्हणणं मला अजून टोचतंय.

"तुला रे एवढं कसं कळतं?" वकिलाने विचारलं. तो प्रश्न टाळायला हवा होता.

"मी तारेवर लटकलो होतो ना," दिन्या म्हणाला. "झिपलाइनवर, दरीच्या मधोमध. पलीकडचं अनोळखी टोळकं हसत होतं. आणि त्यांच्यात सगळ्यात मोठ्याने कोण हसत होतं?"

सगळ्या माना बापूंकडे.

"मी तुझी भीती घालवत होतो!" बापू उसळले. "लक्ष दुसरीकडे वळवणं! आत्ताच मुक्ता म्हणाली ना?"

"मग त्या लोकांनी 'हा तुमच्यातला का?' असं विचारल्यावर माझ्याकडे बोट दाखवून 'नाही, त्यांच्यातला' असं का म्हणालात?"

मुक्ता हसून हसून कट्ट्यावरून घसरायचीच राहिली होती. वकिलाने चष्मा डोळ्यांवर चढवला आणि निकाल दिला, "ती दुसरी वाट. काम दुसऱ्यावर सोपवणं."