पास वसूल

पुढच्या गुरुवारी आमचा डिस्नीलँडचा वर्षाचा पास संपतोय. नवा घ्या म्हणून ईमेल येऊन आठ दिवस झाले, नवऱ्याने एक्सेल उघडून ठेवलंय, आणि या महिन्यात कॅलिफोर्नियातल्या आमच्या इर्विनमधल्या तीन मराठी घरांतून मला एकच प्रश्न आला, "घ्यावा का गं? परवडतो का?" प्रत्येकीला व्हॉट्सअ‍ॅपवर वेगळं लिहीत बसण्यापेक्षा एकदाच इथे लिहिते. लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

आधी पैशांचं. २०२४च्या ऑक्टोबरअखेरीस आम्ही पास घेतले तेव्हा चार प्रकार होते, सगळ्यात स्वस्त ५९९ डॉलरचा आणि सगळ्यात महाग १७४९चा. आम्ही खालून दुसरा घेतला, ९७४चा. हा दर माणशी. तीन वर्षांखालच्या मुलांना काहीच लागत नाही, पण आमचे चिरंजीव चार वर्षांचे. रोजच्या तिकिटात दहा वर्षांखालच्यांना निदान थोडी सूट असते, पासात तीही नाही. म्हणजे जे पोर काही पाळण्यांपाशी उंचीच्या पट्टीखाली उभं राहून रडणार, त्याचेही ९७४. चौघांचे ३८९६ डॉलर.

एकरकमी भरायचे असते तर कुणी घेतलेच नसते. पण कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांना हप्ते मिळतात. सुरुवातीला थोडे भरायचे, उरलेले बारा महिन्यांत, बिनव्याजी. महिन्याला तीनशेच्या आसपास जाणारे पैसे डोळ्यांत खुपत नाहीत. फोनच्या बिलाशेजारी, गाडीच्या विम्याशेजारी ते गुपचूप जाऊन बसतात.

नवऱ्याचं एक्सेल असं सांगतं की वर्षभरात आम्ही अकरा वेळा गेलो. ३८९६ भागिले अकरा, एका खेपेचे ३५४. भागिले चार, माणशी ८९ सुद्धा नाहीत. एका दिवसाचं सर्वांत स्वस्त तिकीट १०४ डॉलर, गर्दीच्या दिवशी ते दोनशेच्या वर जातं. "म्हणजे वसूल झाला की!" असं म्हणून त्याने तो रकाना हिरवा केला.

या "वसूल" शब्दाची मला लहानपणापासून धास्ती आहे.

एसटीची "आवडेल तेथे कोठेही प्रवास" ही योजना आठवते? चार दिवसांचा किंवा सात दिवसांचा पास काढा आणि महाराष्ट्रभर हवं तिथे फिरा. आमच्या बाबांची ती लाडकी योजना. मे महिन्यात सात दिवसांचा पास काढायचे आणि नाशिक सीबीएसवरून आमची वरात निघायची. रात्रीचा प्रवास मुद्दाम, म्हणजे लॉजचे पैसे वाचतात आणि पासही चालू राहतो. पन्हाळा मी चाळीस मिनिटांत पाहिलाय. गडाच्या 'तीन दरवाजा' नावाच्या दारापाशी आईने जेमतेम पाण्याची बाटली उघडली होती, तेवढ्यात बाबा घड्याळ दाखवत म्हणाले, "चला, रत्नागिरीची निघेल." रत्नागिरीला समुद्र लांबून बघितला. गणपतीपुळ्याला दर्शनाची रांग मोठी होती म्हणून बाहेरूनच हात जोडले. घरी आल्यावर बाबांनी वहीत सगळी भाडी लिहून बेरीज केली आणि पासाच्या दुपटीहून जास्त प्रवास झाला म्हणून आठवडाभर खुशीत होते. मला त्या सहलीतले स्टँड आठवतात. चौकशीची खिडकी, फलाटावरचा डिझेलचा वास आणि सीटच्या रेक्झिनला चिकटलेले पाय.

भागाकारात हीच गोम आहे. खेपा वाढल्या की आकडा खाली येतो, म्हणून आकडा खाली आणायला आपण खेपा वाढवतो.

म्हणून मी दुसरा हिशेब मांडला. अकरापैकी किती वेळा आपण खिशातून तिकीट काढून गेलो असतो? प्रामाणिकपणे सांगायचं तर तीन. फेब्रुवारीत दीर-जाऊबाई आले होते तेव्हा, मार्चमध्ये लेकीच्या वाढदिवसाला, आणि एप्रिलमध्ये सासूबाई आल्या तेव्हा. आता हे बघा: दक्षिण कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांसाठी डिस्नीलँड वर्षाच्या सुरुवातीला तीन दिवसांचं स्वस्त तिकीट काढतं. २०२५मध्ये सोमवार ते गुरुवार चालणारं ते तिकीट १९९ डॉलरला होतं. शाळा बुडली असती, बुडू दे. चौघांचे ७९६. म्हणजे आम्ही पासासाठी जे ३१०० डॉलर जास्त मोजले, ते उरलेल्या आठ खेपांचे. खेपेला ३८७ डॉलर. यात पार्किंग धरलेलं नाही (तेव्हा दिवसाचे ३५, आमच्या पासाला जरा सवलत), आणि दर वेळी हातात घेऊनच बाहेर पडायचा साखर-दालचिनीत घोळवलेला चुरोही धरलेला नाही. जेवणाचं मात्र आपण जिंकतो. घरचं खाणं आत न्यायला मनाई नाही, त्यामुळे दशम्या, चटणी आणि कोरड्या बटाट्याच्या भाजीचा डबा किल्ल्यासमोरच्या बाकावर उघडलेला आहे. लाज वगैरे वाटत नाही आता.

त्या आठ खेपांतल्या पाच निव्वळ "पास वाया चाललाय" म्हणून केलेल्या. सप्टेंबरातला एक शुक्रवार अजून अंगावर येतो. आय-५ महामार्गावर पाऊण तास, गाडी लावून ट्रॅम, बॅगांची तपासणी, आणि आत पोचेपर्यंत धाकटा स्ट्रोलरमध्ये घामाने भिजून झोपलेला. लेक म्हणे मला मैत्रिणीकडे जायचं होतं. नवरा फोनवर कुठली रांग किती मिनिटांची ते बघतोय. मी पाण्याची बाटली शोधतेय, ती गाडीत राहिली. सत्तर मिनिटांच्या रांगेत उभं राहिलो, कारण आलोच आहोत तर काहीतरी करायला हवं. घरी येताना गाडीत कुणी कुणाशी बोललं नाही. एक्सेलमध्ये मात्र तो शुक्रवार एक खेप म्हणून नांदतोय, अगदी वाढदिवसाच्या तोडीने.

मग गेलात कशाला, असं विचाराल. कारण रिझर्व्हेशन होतं. नवीन घेणाऱ्यांच्या हे लक्षातच येत नाही. पास असला तरी मनात आलं आणि निघालो असं चालत नाही. आधी तारीख राखून ठेवावी लागते. ठरवलेल्या दिवशी गेला नाहीत, आदल्या रात्री बारापर्यंत रद्दही केलं नाहीत, आणि असं नव्वद दिवसांत तीनदा झालं, तर पुढचे तीस दिवस नवीन तारीख मिळत नाही. कॉलेजात असताना आमच्या खानावळीच्या काकू कडक होत्या, पण आधी सांगून गावी गेलं तर खाडे तरी धरायच्या. महिनाअखेरीस तेवढे पैसे वजा. इथे आधी सांगितलं तर फक्त शिक्षा टळते, पैसे वजा होत नाहीत.

शिवाय प्रत्येक पासाचे बंद दिवस वेगळे. सगळ्यात स्वस्त पासाला शनिवार-रविवार जवळजवळ नाहीतच, उन्हाळ्याचा आणि नाताळचा बराच काळ नाही. थोडक्यात, मुलांना सुट्टी असते आणि भारतातून पाहुणे येतात ते दिवस सोडून तो पास चालतो. "पाहुणे आले की आपलं तरी तिकीट वाचेल" या हिशेबाने जो घेईल, त्याने आधी दिनदर्शिका उघडावी, मग पाकीट.

सगळ्यात महाग पास घेतला की हा त्रास नाही, असंही समजू नका. जुने वार्षिक पास कोविडच्या बंदीत, जानेवारी २०२१मध्ये, बंद झाले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हे नवे आले. तेव्हाचा सर्वांत वरचा पास १३९९ डॉलरचा आणि त्याला बंद दिवस नाहीत असं सांगितलेलं. प्रत्यक्षात काही दिवशी रोजची तिकिटं मिळत होती, पण पासवाल्यांचा कोटा भरलेला. प्रकरण कोर्टात गेलं आणि ९५ लाख डॉलरवर तडजोड झाली. ऐकायला केवढी मोठी रक्कम! लाखभर पासधारकांत वाटल्यावर माणशी आले साधारण ६७ डॉलर.

आता मी इतकी कडकड करतेय तर पास वाईटच, असं नाही. उरलेल्या तीन खेपा सांगायच्या राहिल्यात.

त्या तिन्ही मंगळवारच्या. शाळा सुटल्यावर निघालो, पाचच्या सुमारास आत, आठाला बाहेर. एकदा फक्त बोटीत बसलो आणि बदकांना बघत राहिलो. एकदा काहीच केलं नाही. लेकीने किल्ल्यासमोर बसून गृहपाठ केला, धाकटा फुगेवाल्याच्या मागे फिरला. दिवसाचं तिकीट काढून असं वागायची कुणाची छाती होणार नाही. पास घेऊन मिळण्यासारखं खरं हेच आहे, दोन-तीन तासांत उठून घरी यायची मोकळीक. आमच्या वाट्याला ती वर्षातून तीनदा आली. आमच्या पैशांत ती तीसदा यायला हवी होती. आली नाही याचा दोष डिस्नीचा नाही. आमच्या घरात माझ्या बाबांची वही अजून उघडी आहे, आणि नवरा ती माझ्यापेक्षा जास्त निष्ठेने चालवतो.

आणि गंमत म्हणजे ही मोकळीक ज्यांना जमली त्यांच्याकडे पास नव्हताच.

सासूबाई एप्रिलमध्ये आल्या तेव्हा त्यांचं दिवसाचं तिकीट काढलं. दीडशेच्या आसपास गेले, त्यांना मुद्दाम रुपयांत सांगितलं नाही. दारातच त्यांनी विचारलं, "प्रत्येक पाळण्याला वेगळं तिकीट नाही होय?" मी हसले, पण त्यांचा प्रश्न बरोबर होता. डिस्नीलँड १९५५मध्ये उघडलं तेव्हा जत्रेसारखंच होतं. आत शिरायला मोठ्या माणसाला एक डॉलर, पाळण्यांचे पैसे वेगळे. पुढे तिकिटांची पुस्तकं आली, साध्या करमणुकीला ए, सगळ्यात भारी पाळण्यांना ई. १९८२पर्यंत ही पद्धत चालली. जत्रेत कसं, दोन पाळणे झाले, पैसे संपले, मग भेळ खाऊन घरी. कुणावर वसुलीचं ओझं नाही. दारातच सगळे पैसे घ्यायला लागले तेव्हापासून माणूस आत पळत सुटला.

सासूबाई पळाल्या नाहीत. दारातून आत गेल्यावर समोरच आगगाडीचं स्टेशन आहे. खरं वाफेचं इंजिन, सगळ्या बागेला वळसा घालून वीसेक मिनिटांत परत. वाटेत एका बोगद्यात ग्रँड कॅन्यनचा देखावा आणि पुढे डायनासोर. त्या एकदा बसल्या. गाडी स्टेशनात आली, सगळे उतरले, या बसूनच. "आई, चला, पुढे बरंच आहे बघायला." म्हणाल्या, "तुम्ही या जाऊन. मी अजून एक चक्कर मारते." अशा त्यांनी तीन चकरा मारल्या. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात, अगदी पंचवटी एक्सप्रेसला खिडकी मिळाल्यासारख्या. तिसऱ्या चकरेला मी शेजारी जाऊन बसले आणि न राहवून म्हटलं, "आई, एवढं महागाचं तिकीट आहे हो, नुसतं गाडीत काय बसायचं?"

"अगं, पैसे गेले ते सकाळी दारातच गेले," त्या म्हणाल्या. "आता पायांना कशाला शिक्षा? तो बघ, डायनासोर आला."

तर माझं मत, ज्यांनी विचारलं त्यांच्यासाठी. घर अनाहाईमपासून, म्हणजे डिस्नीलँडच्या गावापासून, पंधरा-वीस मिनिटांवर असेल, घरातलं कुणीतरी दुपारी चारला मोकळं होत असेल, एकाही पाळण्यात न बसता परत यायची तयारी असेल, तर खुशाल घ्या. धाकटं तीनच्या आत असेल तर आणखी बरं, एक पास वाचतो. निवृत्त जोडप्याला तर सर्वांत स्वस्त पास कामाच्या दिवसांत झकास चालेल. पण दोघांच्या नोकऱ्या, मुलांचे शनिवारचे क्लासेस, रविवारी मराठी शाळा आणि वर्षातून चार वेळा जायचा बेत, एवढंच असेल तर तीन दिवसांचं तिकीट निघायची वाट बघा. आणि भागाकार करणारच असाल तर ज्या खेपेला तुम्ही एरवी तिकीट काढलं असतं तेवढ्याच मोजा. आकडा बघून धक्का बसेल, पण तो हप्ते सुरू व्हायच्या आधी बसलेला बरा.

आम्ही या वर्षी घेत नाही आहोत. नवऱ्याला अजून पटलेलं नाही. परवा म्हणाला, बुधवारचं रिझर्व्हेशन आहे, शेवटची खेप करू, बारा होतील, ३२५वर येईल. काल रात्री जेवणं झाल्यावर मी त्याच्यासमोर फोन धरला आणि त्यानेच ते रद्द केलं. धाकट्याला सांगितलं की बुधवारी मिकीकडे जायचं नाही. त्याने थोडा विचार केला आणि विचारलं, "मग आजीची ट्रेन?"

त्याचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही.