बोक्याला वाईट राहू द्या

परवा भाचीला झोपवताना 'द टेलर ऑफ ग्लॉस्टर' सांगत होते. बोका दोरा लपवतो तिथवर आले आणि आतून ताई म्हणाली, "तेवढं गाळ गं, झोपताना कशाला असलं?" मी गाळलं नाही. ताईशी वाद घालायची ती वेळ नव्हती, म्हणून इथे लिहितेय.

गोष्ट इंग्रज बाललेखिका बिअ‍ॅट्रिक्स पॉटरची. १९०१ च्या ख्रिसमसला एका आजारी मुलीला भेट म्हणून तिने ती लिहिली. इंग्लंडमधल्या ग्लॉस्टर शहरातला गरीब, म्हातारा शिंपी. नाताळच्या सकाळी महापौराचं लग्न, त्यासाठी चेरी रंगाच्या रेशमाचा कोट शिवायचा आहे. सगळं बेतून ठेवलंय, कमी आहे ती काजांसाठी त्याच रंगाच्या दोऱ्याची एक लडी. शिल्लक चार पेनी. ते घेऊन सिम्पकिन बोका बर्फात बाहेर पडतो. इकडे शिंप्याला पालथ्या कपांखाली कोंडलेले उंदीर सापडतात आणि तो त्यांना सोडून देतो. ते बोक्याने रात्रीच्या जेवणासाठी राखून ठेवलेले असतात! परत आलेला बोका चिडतो आणि लडी चहाच्या किटलीत लपवतो. शिंपी तापाने अंथरूण धरतो.

मला ही किटली फार महत्त्वाची वाटते. हा खलनायक काही गुहेतला राक्षस नव्हे. घरातलाच, थंडीत सांगितलेलं काम करून आलेला, भुकेला जीव आहे. त्याचा राग समजतो, आणि तरी त्याने केलं ते वाईटच. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात हे चार वर्षांच्या मुलाला नीट कळतं. रागाच्या भरात भावाची वस्तू कुठे दडवायची हे त्यालाही ठाऊक असतंच की.

या गोष्टीमागे खरा प्रसंग आहे. ग्लॉस्टरमध्ये जॉन प्रिचर्ड नावाचा शिंपी होता. अर्धवट राहिलेलं काम त्याच्या मदतनिसांनी त्याच्या नकळत रात्रीतून पुरं केलं, एक काज तेवढं राहिलं, आणि तिथे चिठ्ठी होती: दोरा संपला. गोड किस्सा आहे, पण त्यात दोरा नुसताच संपतो. पॉटरने तो किटलीत ठेवला. उंदीर रात्रभर जागून कोट शिवतात, एकवीस काजांपैकी शेवटचं त्यांच्याकडून होतच नाही. ते व्हायचं तर दोरा बोक्यानेच द्यायला हवा. बोक्याला गाळलंत तर उरते ती फक्त उंदरांची जादू.

शिवाय त्याला कुणी शिक्षा करत नाही. नाताळच्या आदल्या रात्री प्राण्यांना वाचा फुटते म्हणतात, त्या रात्री तो एकटा, उपाशी गल्लीबोळांतून फिरतो. दुकानाच्या खिडकीतून त्याला उंदीर दिसतात, गात गात टाके घालणारे. आत मात्र घेत नाहीत. घरी येऊन तो स्वतःहून किटलीतून लडी काढतो. सकाळी शिंप्याला जाग येते तेव्हा लडी गोधडीवर असते आणि शेजारी खजील बोका. एवढंच. "सॉरी म्हण" म्हणून कुणी मागे लागत नाही. हे वाचताना माझा आवाज दर वेळी जरा हलतो.

ताई, तू हे वाचशीलच. पोरगी त्या रात्री घाबरली नाही. बोका खिडकीबाहेर उभा होता तेव्हा तिने माझा हात घट्ट धरला होता, लडी गोधडीवर आल्यावर सोडला. काल दिवा मालवायच्या आधी म्हणाली, "मावशी, आज किटलीपासून सांग."